५० तासांचा आराखडा आखताना

२०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहे, म्हणून नवे शिक्षक आधी ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर कोर्स शोधत बसतात. मॅडम, तुम्ही सुरुवात मुलांच्या वह्यांपासून करा. चौथीची मुलं हातच्याच्या वजाबाकीत नेमकी कुठे अडतात? वरच्या संख्येत शून्य आलं की, की स्थानिक किंमतच कच्ची आहे? ‘गणित अध्यापन सुधारणे’ असलं ध्येय लिहू नका, वर्षअखेरीस ते तपासताच येत नाही. ‘शून्य असलेली पाच उदाहरणं दिली तर निदान चार बरोबर’ हे तपासता येतं.

ध्येयं दोनच पुरेत. प्रत्येकापुढे काय शिकणार, कोणत्या घटकात वापरणार, पुरावा आणि तारीख लिहा. कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे (फाइल मात्र जाडजूड दिसते). आधीच्या आणि नंतरच्या वह्यांचे फोटो ठेवा. काही तास सहकाऱ्याचा पाठ पाहायला राखा. निरीक्षणाआधी एकच प्रश्न ठरवा, नाहीतर ‘छान झालं’ एवढ्यावरच सगळं संपतं.

आढावा दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. दुसऱ्या सत्रात सहल, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती परीक्षा, त्यात निवडणुकीचं काम आलंच तर आराखडा उघडायलाही सवड मिळत नाही.