पाळणाघरातल्या मावशींना तान्ह्या बाळांसाठी कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाळणाघर सुरू करताय, सहा महिने ते दीड वर्षाची बाळं घेणार आहात, तीन मावशी ठरल्यात आणि तिघींनीही मुलं-नातवंडं वाढवली आहेत. मग त्यांना कुठल्या कोर्सला पाठवावं?

मी पुण्यात एका पाळणाघरात तान्ह्या बाळांचा विभाग बघते आणि नव्या मावशी माझ्याच हाताखाली शिकतात. कोर्सला पाठवा, पण सुरुवात तिथून करू नका. पहिले काही आठवडे तुमच्याच खोलीत, तुमच्याच बाळांसोबत त्यांना शिकू द्या, आणि तेही बाळं मोजकी असताना. उद्घाटनालाच दहा बाळं घेतलीत, तर शिकवायला कुणालाच सवड राहणार नाही.

अनुभवी बायकांचे हात सरावलेले असतात. बाळाची मान कशी धरायची, ढेकर कसा काढायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. अडतं ते दुसरीकडेच. घरी एका बाळाच्या दिमतीला आई, आजी, काकू अशी फौज असते. इथे एकटीकडे तीन बाळं, आणि तिन्ही दुसऱ्यांची. बाळ किरकिरलं की गुटी उगाळायची, मधाचं बोट चाटवायचं, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी द्यायची, हे सगळं त्या मायेनंच करणार. 'आमची झालीच की मोठी' हेही पहिल्याच दिवशी ऐकवणार. वाद घालू नका, कारण सांगा. मधात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात, म्हणून वर्षाचं होईपर्यंत मध नाही. उशी, जाड गोधडी किंवा मऊ खेळण्यात नाक दाबलं गेलं तर एवढ्या लहान बाळाला स्वतःला सोडवता येत नाही, म्हणून झोपवायचं ते पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय. कारण पटलं की हीच मावशी पुढे नवीन आलेलीला रागावून सांगते. नुसता नियम लावलात, तर तुम्ही बँकेत गेलात की राईची उशी बाहेर निघते.

दुसरी गोष्ट, बाळं नेमकी सहाव्या महिन्यालाच का येतात हे मावशींना माहीत हवं. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. रजा संपते तेव्हाच बाळाचं वरचं खाणं सुरू होत असतं, आणि महिना-दोन महिन्यांत ते अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतं. आई दिसत नाही, जागा नवी, वाटीतली नाचणीची पेजही नवी. अशा वेळी सकाळी एकीनं भरवलं, दुपारी दुसरीनं झोपवलं, तिसरीनं लंगोट बदलला, तर बाळ कुणालाच धरून राहत नाही. म्हणून प्रत्येक बाळाची मावशी ठरवा आणि तीन बाळांपेक्षा जास्त एकीकडे देऊ नका. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नियमच तीनास एक असा आहे. पैशाचं गणित जड जातं हे मला ठाऊक आहे, पण एकीकडे सहा बाळं देऊन कितीही शिकवलंत तरी ती नुसती धावपळच करणार. सुरुवातीचे काही दिवस आईलाही खोलीत बसू द्या. बाळाला कसं थोपटलं की झोप लागते हे मावशीला तिच्याकडूनच कळेल.

प्रत्यक्ष शिकवायला मी लंगोट बदलण्यापासून सुरुवात करते, कारण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तेच होतं. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. एमी पिकलर यांनी 1946 मध्ये बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर आई-वडिलांविना राहिलेल्या बाळांसाठी एक गृह सुरू केलं. तिथे सांभाळणाऱ्या मुलींच्या शिक्षणात आंघोळ, कपडे आणि भरवणं यांवरच मोठा भर होता. घाई करायची नाही, हात लावण्याआधी बाळाला सांगायचं आणि त्याच्या प्रतिसादाची वाट बघायची. आमच्याकडे तेच मराठीत चालतं: 'आता पाय वर घेते हं सोन्या.' आधी कोरडा लंगोट, ओला रुमाल, कपडे सगळं हाताशी घ्यायचं, मग बाळ टेबलावर. एक हात कायम बाळावर, कारण पालथं पडायला लागलेलं बाळ क्षणात कडेला पोचतं. मुलींना पुढून मागे पुसायचं. झालं की टेबल पुसायचं, बाळाचे हात धुवायचे आणि आपले साबणानं. बाहुलीवर हे शिकवू नका, बाहुली लाथा मारत नाही. आधी मावशीनं बघायचं, मग तिनं करायचं आणि तुम्ही शेजारी गप्प उभं राहायचं. गप्प राहणं मला अजूनही अवघड जातं.

दुधाचं प्रकरण वेगळं शिकवावं लागतं. आईनं काढून दिलेल्या दुधावर बाळाचं नाव आणि वेळ हवी. वाचायची सवय नसलेल्या मावशीसाठी प्रत्येक बाळाचा रंग ठरवा. खोलीच्या तापमानाला ते चार तास चालतं, मात्र नाशिकच्या मे महिन्यात एवढा वेळ बाहेर ठेवूच नका. फ्रिजमध्ये आत, दारात नव्हे, चार दिवस राहतं. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं, उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही. बाळानं तोंड लावलेलं दूध उरलं, तर दोन तासांनंतर टाकायचं. इथे मावशी हमखास अडतात. आईचं दूध मोरीत ओतायला त्यांचा हात धजत नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. त्यावर उपाय म्हणून आधी थोडंच ओता, लागलं तर पुन्हा घ्या.

घास अडकला तर काय करायचं हे मात्र व्हिडिओ बघून शिकवू नका. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गाला पाठवा आणि पुतळ्यावर हात बसवून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर पाच थापट्या आणि छातीवर पाच दाब, आळीपाळीनं. घशात आंधळेपणानं बोट घालायचं नाही. 108 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं खोलीत येऊच देऊ नका, मावशींच्या डब्यातूनसुद्धा.

एक सवलत पहिल्याच दिवशी स्पष्ट द्या. बाळाचं रडणं डोक्यात जायला लागलं, तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दुसरीला हाक मारायची आणि पाच मिनिटं बाहेर जायचं. त्याबद्दल कुणी बोलणार नाही, पगार कापला जाणार नाही. बाळाला हलवून गप्प करणं जिवावर बेतू शकतं, आणि थकलेल्या माणसाकडूनच ते होतं. म्हणून दुपारचं जेवण मावशींना बसून, बाळाला मांडीवर न घेता, मिळायला हवं.

रुजू होण्याआधी तिघींची आरोग्य तपासणी आणि पोलीस पडताळणी करून घ्या. नंतर करू म्हटलं की राहून जातं.