पिशवी काखेत घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

ग्लासगोत हायलँड बॅगपाइपची शिकवणी लावायचं ठरवलंस, छान. पण पाइप विकत घ्यायची घाई नको. पहिले सहा महिने, बहुधा वर्षभर, हातात फक्त प्रॅक्टिस चँटर, म्हणजे पिशवी नसलेली सरावाची नळी, असेल. तो लांब आकाराचा घे, म्हणजे भोकांमधलं अंतर खऱ्या चँटरच्या (पाइपच्या भोकं असलेल्या, चाल वाजवायच्या नळीच्या) जवळ जातं. शोभेच्या वस्तूंसोबत विकले जाणारे स्वस्त चँटर बेसूर असतात. त्यावर कान बिघडतो.

बोटं सरळ ठेव. खालच्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मधल्या पेरांनी भोकं झाकतात, करंगळी तेवढी टोकाने. पकड घट्ट झाली की बोटं जड होतात, हे शिक्षक पहिल्याच तासाला सांगतील आणि पुढे वर्षभर सांगत राहतील.

स्वर नऊच. हवा अखंड वाहते, त्यामुळे जिभेने सूर तोडता येत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये ग्रेस नोट, म्हणजे निमिषभराचा दुसरा स्वर, मारावी लागते. तीही बोट उंच उडवून नाही, चटकन उचलून टेकवून.

खरी परीक्षा डी या स्वरावरून ई या स्वरावर जाताना होते. डीला खालच्या हाताची फक्त करंगळी खाली असते. ईला तीन बोटं खाली येतात, करंगळी उठते आणि त्याच क्षणी वरच्या हाताची अनामिकाही उठते. खालची बोटं जराशी आधी टेकली तर मध्येच लो एचा (खालच्या ए स्वराचा) ठिपका ऐकू येतो. वाजवणाऱ्याला तो सहसा कळत नाही, समोर बसलेल्याला लगेच कळतो. शिकवणीची फी खरं तर या कानासाठी द्यायची. तेव्हा तासाला नवी चाल मागण्यापेक्षा, ‘हे दोन स्वर ऐका’ म्हण. घरी तेच दोन स्वर अगदी संथ, मेट्रोनोम लावून. रोजची वीस मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा कामाची.

पाइपवर गेल्यावर दम नाही, दाब आवरावा लागतो. फुंकताना हात सैल, श्वास घेताना हाताने पिशवी दाबायची. दोन्हीची सांधेबदल बिनधक्क्याची हवी. ती धक्क्याने झाली की चँटरचा सूर चढतो-उतरतो. पाण्याची पारदर्शक नळी जोडून दाब बघता येतो: साधारण 30 इंच, मऊ रीडला (नळीतल्या, सूर काढणाऱ्या पातीला) थोडा कमी. आकड्यापेक्षा पाणी हलत नाही ना, ते बघ. ड्रोन म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या; सुरुवातीला त्यातला बेस (खर्जाचा) आणि एक टेनर (त्याहून वरच्या सुराचा) बुचाने बंद ठेव. दम लवकर संपतोय? आधी सगळी तोंडं बुचं लावून बंद कर आणि पिशवी फुगवून गळती तपास. बऱ्याचदा दोष छातीचा नसतो, सांध्यावरचा मेणदोरा सैल झालेला असतो.

ड्रोन दहा मिनिटं वाजवल्यावरच जुळव, कारण रीड गरम झाली की चँटरचा सूर चढतो. ड्रोनचा वरचा भाग वर सरकवला की त्याचा सूर उतरतो. तंबोरा जुळवताना ऐकतो तशी लहर ऐकायची: ती संथ होत थांबली की जुळला.

वाजवून झालं की ब्लोपाइप (फुंकायची नळी) कोरडा पुसून ठेव, ओल पिशवीत कोंडू देऊ नकोस. बुरशी धरलेल्या पाइपमुळे फुप्फुसं निकामी होऊन एक वादक दगावल्याची नोंद 2016 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे.