प्रकल्पाचं पाणी उसाला चालेल, पण आधी मीठ मोजा

शिरोळ तालुक्यातल्या पंचगंगाकाठच्या शेतकऱ्यांचे प्रश्न या वेळी एकाच विषयावर आहेत: शहराच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणारं पाणी शेताला द्यावं का?

प्रश्न : पाणी स्वच्छ दिसतं, वासही नाही. नाल्यावर मोटर बसवून उसाला दिलं तर?

उसाला चालेल, पण दिसण्यावर जाऊ नका. प्रकल्पात जिवाणू घाण खातात. आधुनिक प्रकल्पात हवा आलटून पालटून चालू-बंद ठेवून नत्र काढतात, फेरिक क्लोराइडसारखं रसायन घालून स्फुरद (फॉस्फरस) खाली बसवतात आणि शेवटी क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी जंतू मारतात. मीठ मात्र यातल्या कुठल्याच टाकीत अडकत नाही. गटारात जेवढं सोडियम आलं, तेवढं बाहेर पडतं. कापड रंगवायला मीठ लागतं. रंगाईचं ते पाणी गटारात मिसळत असेल तर विचारूच नका.

आपली काळी, भारी जमीन आधीच क्षारपड, म्हणजे क्षार साचून खराब, होत चालली आहे. म्हणून प्रकल्पाकडे बीओडीच्या (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) आधी ईसी (पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती, ते सांगणारा आकडा) मागा. ईसी मीटरला 0.75 डेसिसायमनच्या आत असेल तर फारशी काळजी नाही. 0.75 ते 2.25 असेल तर फक्त चांगल्या निचऱ्याच्या रानात द्या, त्याच्या वर असेल तर देऊ नका. एसएआर 10 च्या आत हवा. जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट) झाल्यावर जिप्सम टाकू, असं म्हणणारे बरेच भेटतात. चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा केलेला नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

प्रश्न : या पाण्यात नत्र असतं म्हणतात. युरिया बंद करू का?

बंद नको, हिशोब करून कमी करा. एकरी 2 इंच पाणी म्हणजे साधारण 2 लाख लिटर. लिटरला 10 मिलिग्रॅम नत्र असेल तर एका पाळीला 2 किलो नत्र गेलं, म्हणजे चारेक किलो युरिया. अशा 20 पाळ्यांत 40 किलो नत्र होतं. सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाची शिफारस एकरी 100 किलो नत्राची आहे, तेव्हा ही बचत लहान नाही. अडचण वेगळीच आहे. युरिया आपण मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर लावताना, थांबवतो, हे पाणी मात्र शेवटपर्यंत नत्र देत राहतं. ऊस हिरवागार दिसतो आणि साखरेचा उतारा घसरतो. शेवटचे दोन-तीन महिने विहिरीचं पाणी द्या.

प्रश्न : भाजीपाल्याला?

कोथिंबीर, मुळा, काकडी असं कच्चं खाल्लं जाणारं काही लावू नका. 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 1000 च्या आत असल्याचा ताजा अहवाल हातात असेल तरच विचार करा, आणि तेव्हाही पाणी सरीतून द्या, तुषार संच नको. 2012 ची इचलकरंजीची कावीळ अजून सगळ्यांना आठवते. ती पिण्याच्या पाण्यातून पसरली होती, पण मैलापाण्यातले जंतू काय करतात ते त्यात दिसलं.

प्रश्न : प्रकल्प झाला तर नदीतलं केंदाळ (जलपर्णी) जाईल का?

प्रकल्प नत्र-स्फुरद काढणारा असेल तर कमी होईल. नुसती बीओडी उतरवणाऱ्या प्रकल्पातून केंदाळाचं खाद्य तसंच नदीत जातं, आणि बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात ते फोफावतं. शिवाय शहराचं पाणी सुधारलं तरी आपल्या रानातून वाहून जाणारं खत राहतंच. डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत वर फेकून मोकाट पाणी सोडलं की त्यातलं बरंच मातीबरोबर ओढ्याला जातं. खत मातीआड करा आणि नदीकडच्या कडेला गवताचा पट्टा ठेवा.

प्रश्न : पाण्याचा नमुना कसा घ्यायचा?

मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. तेलाचा किंवा औषधाचा डबा वापरू नका. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते. ती न विसळता भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एक नमुना उन्हाळ्यात घ्या, एक पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यातला आकडा जास्त आला तर तोच धरून चाला.