वाचकांचे प्रश्न : स्वतःच्या कादंबरीचे प्रकाशक होताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी पहिली कादंबरी पूर्ण झाली असून छापील पाने साधारण २४० होतील. दोन प्रकाशकांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी ३०० प्रती मी स्वतः विकत घ्याव्यात अशी अट घातली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे जावे, असे भाचा सुचवतो. हा मार्ग योग्य आहे का? खर्च कशावर करावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मार्ग योग्य आहे, मात्र तो स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे आणि तिच्यात अप्रकाशित हस्तलिखिताचा विचार होतो. एकदा पुस्तक छापले की ही वाट बंद होते, म्हणून मंडळाचे त्या वर्षीचे योजनेचे निवेदन आधी पाहावे आणि मगच पुढचा निर्णय घ्यावा.

ऑफसेट छपाईत प्लेट बनवण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती कितीही असल्या तरी करावाच लागतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा दर प्रतीमागचा खर्च उतरतो. मागणीनुसार होणाऱ्या डिजिटल छपाईत पहिल्या प्रतीला जो खर्च येतो, जवळजवळ तोच शंभराव्या प्रतीलाही येतो. तीनशे वाचक खात्रीने ठाऊक असतील तर ऑफसेट स्वस्त पडेल; तशी खात्री नसेल तर घरात गठ्ठे रचून ठेवण्यापेक्षा ऑनलाइन सेवा निश्चितच बरी. बंगळुरूची पोथी डॉट कॉम आणि चेन्नईची नोशन प्रेस या आपल्याकडच्या परिचित सेवा आहेत.

पैशाचा हिशेब मात्र आधी कागदावर मांडावा. समजा, एका प्रतीचा छपाईखर्च १४० रुपये आहे, आपण किंमत ३०० रुपये ठेवली आणि विक्रीच्या संकेतस्थळाने किमतीच्या ४० टक्के, म्हणजे १२० रुपये कमिशन घेतले, तर आपल्या हाती ४० रुपये उरतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या पुस्तकाचे खरे आकडे सेवेकडून लेखी घ्यावेत आणि टपालखर्च कोणाकडे लागतो तेही विचारावे.

या सेवा छापतात आणि पोहोचवतात. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, मांडणी ही प्रकाशकाची कामे आपल्याकडे येतात आणि माझ्या मते आपला सगळा पैसा तिथेच जावा. काही ठिकाणी या साऱ्याचे एकत्रित ‘पॅकेज’ दिले जाते. ते घेण्यापूर्वी संपादन करणारी व्यक्ती कोण आहे, ती मराठी पुस्तकांचे संपादन करते का, हे विचारावे आणि एका प्रकरणाचे संपादन नमुन्यादाखल मागावे. उत्तर गुळमुळीत आले तर आपणच एक अनुभवी संपादक आणि एक वेगळा मुद्रितशोधक शोधावा. लेखकाला स्वतःच्या मजकुरातल्या चुका दिसत नाहीत, कारण तो पानावर काय आहे ते न वाचता मनात काय होते ते वाचतो. म्हणून हे दोन खर्च वाचवू नयेत.

मराठीची एक अडचण या सेवांच्या सूचनापत्रात सहसा सापडत नाही. आपल्या अक्षरजुळणीकाराने जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे अक्षरांसाठीची जागतिक संगणकीय संकेतपद्धत) मजकूर जुळवला असेल, तर फॉन्ट अंतर्भूत केलेल्या पीडीएफवरून छपाई व्यवस्थित होते; परंतु उद्या ई-पुस्तक काढायचे ठरले की तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि त्यात रफार, जोडाक्षरे व ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांची हमखास मोडतोड होते. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला नकळत आचार्याची पदवी मिळाली, तर वाचक गोंधळेल. म्हणून पहिल्यापासून युनिकोडच वापरावे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देणारा टिरो देवनागरी मराठीसारखा फॉन्ट निवडावा, कारण बरेच देवनागरी फॉन्ट ही अक्षरे हिंदी वळणाने दाखवतात. मांडणी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होणार असेल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) सुरू केला आहे ना, हे मांडणीकाराला विचारावे, अन्यथा वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत पुरेशी जागा हवी. पाने वाचवण्यासाठी ओळी दाटीने बसवू नयेत. चिकटवलेली बांधणी पूर्ण उघडत नाही, म्हणून आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवावा.

विक्री सुरू करण्यापूर्वी एकच प्रत मागवून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. पुस्तकाच्या कण्यावरचे नाव मध्यभागी आहे का आणि मुखपृष्ठाचे गडद रंग छपाईत काळवंडले का, हे पडद्यावर कळत नाही.

प्रश्न : कादंबरी अपलोड करण्याआधी कॉपीराइट नोंदवणे सक्तीचे आहे का? आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) छापून देणाऱ्या सेवेकडून मोफत मिळतो, तो घ्यावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नोंदणी सक्तीची नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनासोबतच हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. वाद झाल्यास नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. नोंदणीपेक्षा करारपत्राकडे अधिक लक्ष द्यावे. त्यात हक्क कायमचे ‘हस्तांतरित’ होत आहेत की केवळ छपाई व विक्रीची परवानगी दिली जात आहे, मुदत किती आहे, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क आपल्याकडे राहतात का आणि करार कसा संपवता येतो, हे वाचल्याशिवाय संमतीच्या चौकटीत खूण करू नये.

आयएसबीएन शक्यतो स्वतःच्या नावावर घ्यावा. भारतात तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखकाला व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या १३ अंकांत प्रकाशकाची ओळख असते. सेवेचा क्रमांक घेतल्यास प्रकाशक म्हणून सेवेची नोंद होते आणि पुढे सेवा बदलली तर नवा क्रमांक लागतो. ई-पुस्तकासाठी वेगळा क्रमांक घ्यावा.

प्रकाशक म्हणून आपले नाव आले की १९५४चा ग्रंथ-प्रदान कायदाही आपल्याला लागू होतो. प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. स्वतः पुस्तक काढणारे अनेक लेखक हे करत नाहीत आणि त्यांच्या पुस्तकाची प्रत या संग्रहांत राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिली मागणी नोंदवतानाच या चार प्रती हिशेबात धराव्यात आणि टपालाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.