झऱ्यात उतरणारं मैलापाणी आणि ‘निधी नाही’ हे उत्तर

प्रश्न : वरच्या वस्तीसाठी ग्रामपंचायतीने सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधलं. दहा महिने त्याची मोटर बंद आहे आणि मैलापाणी तसंच शोषखड्ड्यात आणि ओढ्यात जातं. खालच्या झऱ्यावर आमची वाडी पाणी पिते. पंचायत म्हणते, दुरुस्तीला निधी नाही. पोरं आता पाइप बुजवायला निघाली आहेत. काय करावं?

उत्तर : आधी पोरांना थांबवा. पंचायतीचं केंद्र ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १९८४च्या सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायद्यात सांडपाण्याच्या बांधकामांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि शिक्षा साधारणपणे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. पाणी तुमचं नासलं आणि आरोपीही तुम्हीच, असं मला होऊ द्यायचं नाही. तोवर पाणी उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका.

‘निधी नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्येच, रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात फेटाळला. उघड्या गटारांना कंटाळलेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती, आणि पैशांची अडचण सांगून सार्वजनिक आरोग्याचं कर्तव्य टाळता येणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. तेव्हा वापरलेली, सार्वजनिक उपद्रव हटवायला लावणारी तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १५२मध्ये आहे. त्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे (म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज करा. मला हा मार्ग सगळ्यात जवळचा वाटतो.

दुसरा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९७४च्या जल कायद्यानुसार असं केंद्र चालवायला मंडळाची संमती लागते. संमतीच्या अटींची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहता येते (कलम २५), ती मागाच. संमतीच घेतलेली नसेल, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं.

आता पुरावा. बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत जरूर द्या. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) अजिबात सापडता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. पण जल कायद्याखालच्या खटल्यात केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा नमुना कलम २१प्रमाणेच घ्यावा लागतो: केंद्र चालवणाऱ्याला नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. म्हणून ‘नमुना घ्या’ ही मागणी अर्जात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. मंडळ हललं नाही, तर ६० दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला स्वतः फौजदारी तक्रार करता येते (कलम ४९).

शोषखड्डा किती अंतरावर आहे, हे टेपने मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून तो किमान १८ मीटर लांब हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खडकाला भेगा असतील तिथे शोषखड्ड्याची पद्धतच वापरू नये, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. भेगांतून घाण दूरवर जाते. डोंगरात माती पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी गाळलं जायला वावच मिळत नाही. पावसात वास वाढतो का, ते तारखेनिशी लिहून ठेवा.

एवढ्यावर भागलं नाही, तर पुण्याचं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय. इथे मुदत सांभाळा. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४चा, म्हणजे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत, फार तर आणखी ६० दिवसांत करावा लागतो. दहा महिने झाल्याने ‘मुदत टळली’ असा आक्षेप येणार हे नक्की. म्हणून झऱ्याची पूर्वस्थिती आणि नुकसानभरपाई कलम १५खाली मागा. तिथे पाच वर्षे आहेत. वकील सक्तीचा नाही, अर्जदाराला स्वतः उभं राहता येतं. पुरावा कायद्याचे काटेकोर नियमही तिथे लागू नाहीत, त्यामुळे तुमचे फोटो आणि प्रयोगशाळेचा अहवाल उपयोगी पडतील.

पंचायतीला दिलेल्या जुन्या अर्जांच्या पोची आणि या विषयावरचे ग्रामसभेचे ठराव आधी गोळा करा. पोच नसेल, तर तोच अर्ज आज पुन्हा रजिस्टर पोस्टाने पाठवा.