‘पुढे रॅम वाढवू’ हा हिशेब आता चुकतो

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : व्हिडिओ संकलनासाठी ॲपलचा 2019 चा मॅक प्रो वापरतो. रॅम वाढवत वाढवत 96 जीबीवर नेली. नव्या मॅकमध्ये नंतर रॅम घालता येत नाही, असं कळलं. असं का केलं? आणि मग सुरुवातीलाच किती घ्यावी?

उत्तर : तुमच्या मशीनमध्ये रॅमच्या 12 खाचा आहेत. 2023 च्या मॅक प्रोमध्ये एकही नाही. मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे आणि ती जास्तीत जास्त 192 जीबी असू शकते. कारण वेगाचं आहे. त्यातल्या एम2 अल्ट्रा प्रोसेसरला ही मेमरी सेकंदाला 800 जीबी डेटा पुरवते. साध्या पीसीत खाचेत बसणारी दोन चॅनेलची डीडीआर5-5600 रॅम जेमतेम 90. 800 च्या वेगासाठी 1024 बिट रुंद मार्ग लागतो. इतक्या रेषा अगदी थोड्या अंतरातच नीट चालतात, मध्ये खाच आली की सिग्नल बिघडतो.

हे कारण आम्हाला पटतं. किंमत पटत नाही. अमेरिकेत मॅक प्रोची सुरुवातीची किंमत 2013 साली 2,999 डॉलर होती, 2019 ला 5,999 आणि 2023 ला 6,999. शेवटच्या मॉडेलमध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या, खाचा आहेत, पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. म्हणजे पैसे जास्त मोजायचे आणि पुढे बदलता येईल असं कमीच उरतं.

आता किती घ्यावी. तुमचा सर्वांत जड प्रोजेक्ट उघडा, एक्स्पोर्ट लावा आणि मॅकमधल्याच ॲक्टिव्हिटी मॉनिटर या ॲपमधला मेमरी टॅब बघत बसा. ‘मेमरी यूज्ड’चा सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. ‘कॅश्ड फाइल्स’ धरू नका, ती जागा गरज पडताच मोकळी होते. या आकड्यात ग्राफिक्स कार्डची मेमरी मिळवा, कारण नव्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच साठ्यातून घेतात. लोक नेमकं हेच विसरतात. समजा 58 अधिक 16, म्हणजे 74 जीबी झाले, तर 64 चं मॉडेल पहिल्या दिवशीच अपुरं पडेल, 128 घ्या. आतल्या एसएसडीवर मात्र हात आखडता चालेल. 1 टीबीवर सिस्टिम आणि सॉफ्टवेअर ठेवा, फुटेज थंडरबोल्ट केबलने जोडलेल्या बाहेरच्या एनव्हीएमई ड्राइव्हवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर.

प्रश्न : कंपनीने जोडून दिलेल्या वर्कस्टेशनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घालायचंय. कार्डाला 8 पिनचा प्लग लागतो, पॉवर सप्लायला तो नाही. डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरीवरून ॲडाप्टर लावला तर?

उत्तर : लावू नका. साटाच्या पॉवर प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे फार तर 54 वॉट. 8 पिनचा प्लग 150 वॉट मागू शकतो. भार वाढला की पिन तापते, भोवतीचं प्लास्टिक वितळतं.

आधी हिशेब करा, कार्डाला कुठून किती वीज मिळू शकते : मदरबोर्डच्या खाचेतून 75 वॉट, 6 पिनमधून 75, 8 पिनमधून 150. सप्लाय बदलायचा म्हटलं, तरी झाकण उघडून मदरबोर्डचा प्लग बघितल्याशिवाय काही मागवू नका. सर्वसाधारण एटीएक्स सप्लायचा मुख्य प्लग 24 पिनचा असतो. तयार वर्कस्टेशनमध्ये बऱ्याचदा प्लगही वेगळा आणि सप्लायचा आकारही वेगळा, त्यामुळे बाजारातला बसतच नाही. अशा वेळी जादा प्लग न लागणारं, 75 वॉटच्या आतलं कार्ड शोधा. जुन्या पेटीत नवा सप्लाय कोंबण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

प्रश्न : एएमडीचा वापरलेला थ्रेडरिपर प्रो हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर स्वस्तात घेतला. सॉकेट जुळतं, बायोस (बोर्डावरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ताजं आहे, तरी मशीन सुरूच होत नाही.

उत्तर : तो आधीच्या कंपनीच्या मशीनला कायमचा बांधलेला असू शकतो. एएमडीच्या प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट या सोयीत मशीन बनवणारी कंपनी आपली ओळख प्रोसेसरमधल्या फ्यूजमध्ये जाळून ठेवू शकते. जळालेला फ्यूज पूर्ववत होत नाही, बायोस बदलूनही नाही. तो प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालणार नाही. विकणाऱ्याला तो कोणत्या मशीनमधून काढला ते विचारा आणि परत करता येत असेल तर लगेच करा. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी तो तुमच्याच कंपनीच्या बोर्डावर सुरू करून दाखवायला सांगा.