खोडावरच्या फळीसारख्या बुरशा दिसायला सारख्याच, मग डीएनए तपासून जाती वेगळ्या का करतात?

कारण त्यांच्या रूपावर फार विसंबता येत नाही. ऊन, ओल, वय, खालचं झाड, यांनुसार एकाच जातीचा रंग-आकार बदलतो.

गॅनोडर्मा या अशाच फळीबुरशांच्या गटाचं बघा. त्यातल्या एका जातीला 'गॅनोडर्मा लुसिडम' हे नाव 1781 साली इंग्लंडमधल्या नमुन्यावरून पडलं. पुढे चीनमधली औषधी लिंगझीही त्याच नावाने विकली गेली. डीएनए जुळवल्यावर ती वेगळीच जात निघाली आणि 2012 मध्ये तिला 'गॅनोडर्मा लिंगझी' असं नाव मिळालं. (त्या नावावरूनही तज्ज्ञ भांडतातच!) औषधाच्या बाटलीवर अजून जुनंच नाव दिसतं, ते सोडा.

कोकणात फणसाच्या खोडावर येणारी फणसोंबा ही फेलिनस गटातली. तीही लाकडासारखी कडक, पण गॅनोडर्माचा गण (वर्गीकरणातला मोठा गट) पॉलिपोरेल्स आणि हिचा हायमेनोकीटेल्स, म्हणजे नातं बरंच लांबचं. फेलिनसच्या तपकिरी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो काळा पडतो. गॅनोडर्माची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: बीजाणूला दुहेरी भिंत.

गट ओळखायला एवढं पुरतं. जातीसाठी आधी आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाचतात. जवळच्या जाती त्यातही सारख्याच दिसल्या, तर आणखी दोन-तीन जनुकं तपासावी लागतात.